शिवूसाठी मोकळं ठेवलेलं न्हाणीघर

सकाळी मी त्याच्यासाठी गुरगुट्या भात शिजवत होते. कुकरची वाफ अजून उतरली नव्हती, तेवढ्यात दवाखान्यातून ह्यांचा फोन आला. "डबा आणू नको," एवढंच म्हणाले. मी विचारलं, "का, उपाशी ठेवायला सांगितलंय का?" पलीकडून ह्यांनी नाक ओढल्याचा आवाज आला आणि मला कळलं. माझा धाकटा दीर शिवानंद, आमचा शिवू, गेला होता. तरीही मी भात ताटलीत काढला, वर तूप घातलं, झाकण ठेवलं. तूप त्याला चालत नव्हतं, हे मागाहून आठवलं.

भेटायला आलेल्या प्रत्येकाने विचारलं, पोटाच्या दुखण्याने कुणी जातं का? जातं. त्याच्या आजाराचं नाव अल्सरेटिव्ह कोलायटिस. मोठ्या आतड्याला आतून सूज येते, जखमा होतात, रक्त पडतं. बाहेरच्या रोगाशी लढायला शरीराने ठेवलेली फौज स्वतःच्याच आतड्यावर उठते. "हे सगळं पेपरात लिहू नकोस, लोक काय म्हणतील," असं ह्यांनी मला बजावलंय. पण आमच्या घराने या विषयावर इतकी वर्षं तोंड बंद ठेवलं, त्याची फळं शिवूने भोगली. जेवताना वाचू नका, एवढं सांगते आणि लिहिते.

माझं लग्न होऊन मी सोलापूरच्या घरात आले, तेव्हा शिवू गावाकडून, वळसंगहून, शाळेसाठी आमच्याकडे राहायला आला होता. चारचौघांत मला 'वैनी' म्हणायचा आणि काही अडलं, दुखलं की कानडीतून 'अत्तिगे'. अर्थ एकच, पण अत्तिगे ऐकलं की मी हातातलं काम टाकून उठायची. पुढे त्याने मोटार वायंडिंगचं दुकान काढलं. मंद्रूपकडचे, पार उजनीकाठचेही शेतकरी जळालेल्या पाण्याच्या मोटारी घेऊन यायचे आणि हा जळकी तार उपसून नवी तांब्याची तार भरून द्यायचा. बोलायला मिठ्ठास, कामात चेंगट. गिऱ्हाईक ओरडलं की चहा पाजायचा आणि मोटार मात्र दुसऱ्या दिवशीच द्यायचा.

रक्त पडायला लागलं ते त्याने कुणाला सांगितलं नाही. मूळव्याध असेल म्हणून कुठली कुठली चूर्णं खात राहिला. हाडं दिसायला लागली तेव्हा मी त्याला समोर बसवून विचारलं, तर मान खाली घालून म्हणाला, "तुमाला कसं सांगायचं वैनी, लाजच वाटती की." तपासणी झाली, निदान झालं. त्याला काय वाटलं ते त्याने दुकानातल्या भाषेत सांगितलं. "बाहेरनं मोटार ठणठणीत हाय. आत वायंडिंग सोताच सोताला जाळतंय. कुणी बटन दाबलं, कुणालाच ठावं न्हाय."

त्यानंतर आमच्या घराची रीतच बदलली. संडास आणि न्हाणीघर एकच, आणि शिवूला दिवसातून कितीदा जावं लागेल याचा नेम नसायचा. म्हणून आत कुणी रेंगाळायचं नाही, बादली भरलेली ठेवायची, बाहेर पडलं की दार उघडंच टाकायचं. आत कुणी असलं तर तो बोटाच्या पेराने दोनदा हळूच वाजवायचा. पाहुणे आंघोळीला गेले की मीच दाराबाहेर घिरट्या घालायची. मुलगी बघायला गेला तिथेही पोहे यायच्या आधी त्याने संडास कुठेय ते विचारलं आणि पोह्यांनंतर पुन्हा विचारलं. त्या घरून नकार आला. पुढच्या घरी तो गेलाच नाही. पुण्याच्या रस्त्यावर कुठल्या हॉटेलात संडासाला पाणी असतं, ते त्याला पाठ होतं. टेंभुर्णीजवळच्या एका हॉटेलची मोटार त्याने फुकट दुरुस्त करून दिली होती. मालकाला वाटलं, केवढा दिलदार माणूस. मला खरं कारण ठाऊक होतं.

औषधं थकली तेव्हा पुण्याच्या डॉक्टरांनी आणखी एक मार्ग सांगितला. आपल्या आतड्यात अगणित जिवाणू असतात, त्यातले बरेचसे आपल्या उपयोगाचे. शिवूच्या आतड्यात ते फार थोडे उरले होते. निरोगी माणसाची विष्ठा घेऊन, शुद्ध करून, त्यातले जिवाणू त्याच्या आतड्यात सोडायचे. मी विचारलं, "म्हणजे दुधाला विरजण लावतात तसं?" ते हसले, म्हणाले, "साधारण तसंच. पण ते लागेलच असं मी सांगणार नाही. जिवाणू कमी झाले म्हणून सूज आली, की सूज आली म्हणून जिवाणू मेले, हे अजून आम्हालाच पुरतं कळलेलं नाही." ह्यांना साखर आणि त्यांच्या ढीगभर गोळ्या, त्यामुळे ते बाद झाले. माझं पोट मात्र सगळ्या नातेवाइकांत नावाजलेलं. दगड खाल्ला तरी पचवेल, असं शिवूच चिडवायचा. माझ्या सगळ्या तपासण्या झाल्या आणि मी पास झाले. उभ्या आयुष्यात माझ्याकडे कुणी इतक्या अदबीने काही मागितलं नव्हतं, आणि मागितलं ते हे. शिवू शरमेने अर्धा झाला होता. मी म्हटलं, "लहानपणी माझ्या ताटातलं उष्टं खाल्लंस ना? मग गप बस."

ते काही महिने मी देवघरातल्या समईसारखी स्वतःला जपत होते. बाहेरचं खाणं बंद. दाढ सुजून गाल फुगला, तरी अँटिबायोटिकची गोळी घेतली नाही, कारण त्या गोळीने आपले चांगले जिवाणूही मरतात. आम्ही ठरलेल्या दिवशी पुण्याला जायचो, यायचो. आणि त्या थंडीत शिवू खरंच सावरला. रक्त थांबलं. वळसंगच्या शेतात हुरड्याला गेलो तेव्हा त्याने चार दाणे तोंडात टाकले, आणि डाळीत भिजवून अर्धी कडक भाकरी खाल्ली. परतीच्या वाटेवर गाडी कुठेही थांबवावी लागली नाही. मी मनात म्हटलं, लागलं विरजण.

उन्हाळा लागायच्या आत एका सकाळी तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. "अत्तिगे... रक्त आलं."

"थोडं असेल."

"थोडंच हाय की," तो म्हणाला. मला बरं वाटावं म्हणून.

पुन्हा तपासलं तर माझे जिवाणू त्याच्या आतड्यात टिकलेच नव्हते. मला राग आला. डॉक्टरांचा, माझ्या त्या नावाजलेल्या पोटाचा, सगळ्याचाच. दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून मी रडले, तर माझीच समजूत काढायला तो शेजारी बसला. "तुमची माणसं चांगली हुती वैनी. पण जळत्या घरात कोण ऱ्हाईल?"

मग आतडं काढून टाकायचं आणि पोटावर मळाची पिशवी लावायची, असं ठरलं. त्याने ऐकलं नाही. आम्ही लिंगायत, आमच्यात गळ्यात लिंग असतं, ते छातीवर रुळतं. "हितं लिंग आन् त्येच्या खाली ती पिशवी... न्हाय जमायचं मला." ह्यांनी सांगून पाहिलं, मी सांगून पाहिलं, मठातल्या स्वामींनीही सांगितलं की देवाला त्याचं काही नाही, तो आत-बाहेर सगळीकडेच आहे. शिवू मान डोलवायचा आणि दुकानात जाऊन बसायचा. शेवटी ताप चढला, पोट टम्म फुगलं, तेव्हा कुठे "करा काय करायचं ते" म्हणाला. रात्रीतून शस्त्रक्रिया झाली आणि सकाळी तो शुद्धीवर येईल म्हणून मी घरी येऊन भात लावला, पण आतडं आधीच फुटलं होतं आणि विष अंगभर गेलं होतं. ज्या पिशवीला तो इतका भ्याला, ती तो शुद्धीवर येऊन बघू शकला नाही.

आमच्यात जाळत नाहीत. वळसंगला शेताच्या कडेला, विभूती लावून, त्याला मांडी घालून मातीत बसवलं. लोक बेलाची पानं टाकत होते आणि माझ्या मनात भलतंच चाललं होतं. वाटलं, माझ्यातलं काही त्याच्या आत चुकून राहिलं असेल, तर तेही आज त्याच्याबरोबर गेलं. नंतर वाटलं, डॉक्टर सांगत होते तेच खरं. काहीच राहिलं नव्हतं. त्याच्याबरोबर कुणीही गेलं नाही.

लोक म्हणतात, सुटला बिचारा. मला हे वाक्य सहन होत नाही. त्याला सुटायचं नव्हतं, त्याला हुरडा खायचा होता.

परवा ह्यांनी न्हाणीघराला आतून नवी कडी बसवली. जुनी ढिली होती, ती आम्ही मुद्दामच कधी बदलली नव्हती. "आता सावकाश न्हात जा," म्हणाले. मी प्रयत्न केला. केस धुवायला घेतले, शिकेकाई चोळली, आणि नेहमीसारखे दोनच तांबे भसाभसा ओतून ओल्या केसांनी, डोळ्यांत शिकेकाई घेऊन बाहेर आले. मागे दार उघडं टाकलं. बादली भरलेली होती. बाहेर कुणीच उभं नव्हतं.