करटुल्याचा कंद

शेखरराव गायधनी सायकल घेऊन खाली आले, तेव्हा वॉचमनने सवयीने दोन सायकली निघतील एवढं फाटक उघडलं. मग त्याच्या लक्षात आलं आणि तो उगीचच कडी पुसत राहिला. शेखररावांनी हात वर केला आणि ते गंगापूर रोडला लागले.

भातकापणीच्या दिवसांत एकदा हरसूलच्या अलीकडच्या पाड्यावर कुसाबाईकडे जायचं, हा त्यांचा आणि बायकोचा, मोहिनीचा, कित्येक वर्षांचा नेम. एकदा तिच्या अंगणात बसून पंक्चर काढलं होतं, तेव्हापासूनचा. कुसाबाईकडे फोन नव्हता. मोहिनी आता नाही हे तिला कुठून कळणार? ते सांगायलाच आज ते चालले होते.

खरं तर हे वाक्य त्यांना अजून कुणाला सांगावंच लागलं नव्हतं. भाद्रपदात मोहिनी दवाखान्यातून घरी आलीच नाही. मुलीने, तृप्तीने, सगळीकडे कळवलं. लोक आले, सतरंजीवर बसले आणि 'येतो' न म्हणता उठून गेले. दुखवट्याच्या घरातून निघताना 'येतो' म्हणत नाहीत. शेखरराव एकेकाच्या पाठीकडे बघत राहिले. त्यांना रडू आलं नाही. भूक लागायची, झोपही लागायची. तृप्ती म्हणाली, "बाबा, थोडं बोला ना."

गिरणाऱ्यापर्यंत टोमॅटोच्या क्रेटांनी भरलेल्या पिकअप जात-येत होत्या. पुढे रस्ता मोकळा झाला. दोन्हीकडे कापलेली भातखाचरं, मध्येच एखादं नागलीचं शेत. मोहिनी नेहमी पुढे असायची आणि ते मागे. मागून वाहन आलं की त्यांनी ओरडायचं आणि तिने मागे न बघता डावीकडे सरकायचं.

मागून एक जीप आली.

"गाडी!" शेखरराव ओरडले.

पुढे नुसता रस्ता होता. जीपमधल्या बायकांनी वळून पाहिलं. शेखररावांना लाज वाटली नाही, वाईटही वाटलं नाही. घसा कोरडा पडलाय एवढंच जाणवलं. बाटलीतलं पाणी पिऊन ते घाट उतरले.

कुसाबाई अंगणात भात झोडत होती. सायकल दिसताच तिने पेंढी खाली टाकली.

"आलास का रं भाऊ? यंदाबी मोटरसायकल नाय घेतली? एवढं शिकला, नोकरी केली, आन् अजून पायच दुखवतो!"

"सवय आहे मावशी."

"आन् ताई कुठं? मागं राहिली? ती तर तुझ्या फुडं असती."

शेखररावांनी वाटेत वाक्य जुळवून ठेवलं होतं. तोंड उघडलं आणि निघालं दुसरंच.

"माहेरी गेलीय. सटाण्याला."

"या वक्ताला? भांडलास वाटतं तिच्याशी." कुसाबाई हसली. "तुझ्यावानी मुका नवरा असला तर मी कवाच गेली असती."

तिने नागलीची भाकरी केली, उडदाचं भुजं वाढलं आणि ते जेवत असताना मोहिनीचीच चौकशी करत राहिली. शेखरराव 'हो' म्हणत होते. एक 'हो' झाल्यावर दुसरं सोपं गेलं. भाकरी चांगली होती. त्यांनी आणखी अर्धी घेतली.

निघताना कुसाबाईने चिंधीत बांधलेलं काहीतरी आणून दिलं. करटुल्याचा कंद होता. गेल्या वर्षी मोहिनीने बाल्कनीत लावायला एक नेला होता. वेल जाळीवर चढला, फुलला, पण एकही करटुलं धरलं नाही.

"तो नर निघाला म्हणं. फुलं येऊन वांझ. एसटीच्या कंडक्टरजवळ निरोप धाडला होता ताईनं, आखाडात. मग मी मादीच्या येलाला फुलावर असतानाच खूण बांधली. ताईला सांग, नराच्या शेजारीच लाव. फुडल्या साली मला मोजून सांगायचं किती लागली ते."

"सांगतो," शेखरराव म्हणाले.

घाट चढताना कंद कॅरिअरच्या पिशवीत होता. वजन म्हणावं तर काहीच नव्हतं. अर्ध्या घाटात वळणावरच्या कठड्याला टेकून ते थांबले. पुढच्या वर्षी ती विचारेल, किती लागली? आणि ताई? मग पुन्हा सटाणा म्हणायचं. एका पाड्यावर मोहिनी दर वर्षी माहेरी जात राहणार, आणि कुसाबाई तिच्यासाठी वेलांना खुणा बांधत राहणार.

चढलेला घाट परत उतरणं सायकलवाल्याच्या अगदी जिवावर येतं. त्यांनी सायकल वळवली.

कुसाबाई पुन्हा भात झोडत होती. "काय रं, काय राहिलं?"

शेखरराव सायकलवरून उतरलेही नाहीत.

"मावशी, मोहिनी सटाण्याला नाही. मोहिनी वारली. भाद्रपदात."

कुसाबाईच्या हातातली पेंढी तशीच राहिली. मग ती खाली बसली.

"आन् मला हसू दिलंस," ती म्हणाली. "तिच्या नावानं मी चेष्टा केली, आन् तू भाकर खात बसला."

"हो."

"हो काय, हो!"

कोंबड्या सांडलेले दाणे टिपत होत्या. शेखररावांनी पिशवीतून कंद काढला आणि तिच्यापुढे धरला.

"ह्यो तिला दिलेला हाय," कुसाबाई पदराने नाक पुसत म्हणाली. "परत कसा घेऊ? तू लाव."

त्यांनी कंद पुन्हा पिशवीत ठेवला, सायकल वळवली आणि काही न बोलता पॅडलवर पाय ठेवला.

"येतो म्हण," ती मागून म्हणाली.

"अशा वेळी म्हणत नाहीत, मावशी."

"तुझ्या घरून निघणाऱ्यानं नाय म्हणायचं. हे माझं घर हाय. म्हण."

शेखरराव एक पाय जमिनीवर टेकून उभे राहिले. ती वाट बघत होती.

"येतो," ते म्हणाले.

घाट पुन्हा पायथ्यापासून चढायचा होता.