पडद्यामागचा डावखुरा राजपुत्र

सुखदेव गेल्याचं मला अमरावतीच्या कापूस बाजारात कळलं, आणि तेही तेरवी उरकल्यावर. अंजनगावचा एक शेतकरी बैल सोडता सोडता म्हणाला, "शेठ, तुमचा दोस्त गेला नं… तुमाले माईत नाई?" नव्हतं माहीत. मला कुणी निरोपच धाडला नव्हता. त्या दिवशी त्या शेतकऱ्याने सांगितला तोच भाव मी मान्य केला, घासाघीस केली नाही. बाजारातले लोक अजून त्याचं नवल करतात.

अंजनगावात आम्ही एकाच गल्लीत वाढलो. कापसाचा हंगाम संपला की गावाबाहेर तंबूतला सिनेमा यायचा. पडद्यासमोरचं तिकीट आम्हाला झेपत नसे. पडद्यामागे बसायला अगदी थोडे पैसे पडत. तिथून सगळं आरशातल्यासारखं उलटं दिसायचं. अक्षरं उलटी आहेत हे कळत होतं, पण माणसंही उलटी दिसत असतील, हे काही डोक्यात आलं नाही. त्या तलवारबाजीच्या चित्रपटातला राजपुत्र डाव्या हाताने लढायचा… आणि सुखदेव डावखुरा होता. जेवताना मायचा चिमटा, शाळेत मास्तरची छडी. पुढे आम्ही दोघं दलालीत शिरलो तेव्हा भाव रुमालाखाली बोटं दाबून ठरायचे. घाईत त्याचा डावा हात पुढे यायचा आणि व्यापारी अपशकुन म्हणून उठून जायचे. मी अमरावतीत दुकान टाकलं, तो अंजनगावच्या जिनिंग कारखान्यात सरकी काढायच्या मजुरीला राहिला. कुणी 'डावऱ्या' म्हणून चिडवलं की हसून म्हणायचा, "राजाचा पोरगाबी डावराच होता. या नाऱ्याले इचारा, यानं पाह्यला." मी लगेच साक्ष द्यायचो. खोटी नव्हती ती.

बऱ्याच वर्षांनी सौद्यासाठी अकोल्याला गेलो, तर तोच चित्रपट थिएटरला लागलेला. मी सुखदेवला मुद्दाम बोलावून घेतलं, बाल्कनीत बसवलं. म्हटलं, जन्मात एकदा तरी समोरून बघू. राजपुत्राने तलवार उपसली… उजव्या हाताने. मला हसू फुटलं. त्याच्या मांडीवर थाप मारून म्हणालो, "अबे, हा तं उजवा निंगाला! आपन उलटाच पाहून राह्यलो होतो!" पुढच्या रांगेतले लोकही हसले. सुखदेव हसला नाही. मध्यंतरात बाहेर गेला तो परत आलाच नाही. मी त्याला बस स्टँडवर गाठलं.

"राजाच्या पोराचा हात का मी बदलला? माह्यावर काहून राग काढून राह्यला?"

"तुले पाहाचा होता तं एकट्यानं पाहाचा," तो म्हणाला. "मले काहून आनलं?"

त्यानंतर माझ्या दुकानाची पायरी तो चढला नाही. मला हे आजही पटत नाही. मी हौसेने बोलावलं होतं. दोष पडद्याचा, शिक्षा मला! पण हे ऐकवायला समोर माणूस हवा ना… आता तंबूतला तो राजपुत्र पाहिलेला मी एकटाच उरलो. घरी कुणाला सांगावं तर हूं म्हणतात आणि ताटावरून उठतात.

मागच्या आठवड्यात अंजनगावला जाऊन आलो. त्याची बायको चंद्रभागा हिने सतरंजी टाकली. मी भांडायच्या तयारीनेच गेलो होतो. बसल्या बसल्या विचारलं, "मले काहून नाई कळवलं?"

ती खाली बघत म्हणाली, "भाऊजी, त्यायनंच सांगतलं होतं, नाऱ्याले बलावू नोको. तो येईन अन् पोरीले खरं सांगून टाकीन."

सुखदेवची पोर तिथेच पाटी घेऊन बसली होती. माझं नाव ऐकून तिने मान वर केली. "नारायणकाका तुमीच काय? तुमी पाह्यला होता नं तो डावरा राजपुत्र?"

चंद्रभागा पदर तोंडाशी धरून माझ्याकडे बघत राहिली. आयुष्यभर मी समोरच्याला शब्दात पकडत आलो. आज त्या पोरीने मला पकडलं.

"हो," मी म्हणालो. "म्या अन् तुह्या बापानं… संगंच पाह्यला."

तिने मान डोलावली, जणू तिला ते ठाऊकच होतं, आणि पुन्हा पाटीवर वाकली. डाव्या हाताने लिहिताना अक्षरं पुसली जाऊ नयेत म्हणून ती मनगट वाकवून उचलून धरत होती. हुबेहूब सुखदेवसारखं.