आईचं लॅमिनेट केलेलं बसकार्ड

मंडळी, सकाळपासून हे कुणाला तरी सांगायचं होतं.

माझी आई मासळी विकायला रोज रत्नागिरीहून पावसच्या गाडीने जाते. तिला सवलतीचं बसकार्ड मिळालं, तेव्हा मी लगेच ते झेरॉक्सच्या दुकानातून लॅमिनेट करून आणलं. आमच्याकडे रेशनकार्डापासून होडीच्या कागदांपर्यंत सगळं लॅमिनेट होतं, कारण हात कायम ओले.

आज सुट्टी होती म्हणून तिच्याबरोबर निघालो. गाडीत तिने कार्डाऐवजी सुट्टे पैसे काढले. मी विचारलं, "कार्ड कुठाय?" ती सुट्टे मोजत राहिली.

कंडक्टरच म्हणाले, "ते जाड झालंय हो. मशीनच्या खाचेत जात नाही. मावशी पहिल्यापासून पूर्ण तिकीट काढतात."

मला कुठे तोंड लपवू असं झालं.

"पण आज नवीन मशीन मिळालंय," कंडक्टर पुढे म्हणाले. " कार्ड नुसतं टेकवायचं. लॅमिनेट करताना आतली चिप जळली नसली म्हणजे झालं."

आईने कमरेच्या पिशवीतून कार्ड काढून टेकवलं. काहीच झालं नाही. पदराने पुसून परत टेकवलं. मशीन वाजलं, तिकीट बाहेर आलं आणि माझा जीव भांड्यात पडला.

"आई, मला सांगायचंस ना."

"तू एवढ्या हौसेनं करून आणलंस. काय सांगू तुला?"

चालत नव्हतं, तरी ते कार्ड ती रोज बरोबर नेत होती.

तुम्ही हौसेने केलेली एखादी सोय तुमच्या घरात कुणी असंच निमूट सोसत नाही ना? आज एकदा विचारून बघा.