तिसरी घागर

परवा हात धुताना कार्बोलिक साबणाचा वास आला आणि मी थेट मुखेडच्या दुष्काळात जाऊन पोचलो. माझ्या बायकोच्या, सुमनच्या, किडन्या निकामी झाल्या होत्या. पोटात बसवलेल्या नळीतून ती घरीच दिवसातून चार वेळा डायलिसिसची पिशवी बदलायची. त्याआधी हात नीट धुतले नाहीत, तर जंतू पोटात जाऊन जिवावर बेतायचं.

त्या दिवशी गल्लीत टँकर आला. घरटी दोन घागरी ठरल्या होत्या. सुमननं तिसरी पुढं केली.

शेजारचे अण्णा म्हणाले, "लोकायला प्यायला न्हाई अन् तुला हात धुवायला पाहिजे?"

"डॉक्टरनं मला दिवसाला तीनच पेले पाणी सांगितलंय, अण्णा. माझ्या वाट्याचं पाणी तुम्ही समदे पिऊन राहिलात. हाताचं तेवढं सोडणार न्हाई मी."

"चल घरी," मी हळूच म्हणालो. ती हलली नाही. शेवटी अण्णांनीच पाइप तिच्या घागरीत सोडला.

तेव्हा मला चारचौघांत तिची लाज वाटली होती. त्यानंतर ती सहा वर्षं जगली, रोज चार वेळा हात धुऊन. आता लाज वाटते, ती मी तिला 'चल' म्हणालो त्याची.