धोंडा सरकायच्या आधी

कोणाची प्रार्थना ऐकायची हे देवाने ठरवायचं, हे मला लहानपणापासून पाठ आहे. पण माझ्याच देवाने माझी प्रार्थना बाजूला ठेवून माझ्या रूममेटची ऐकली, तेव्हा ते पाठांतर काही कामाला आलं नाही. मला हेवा वाटला. साधासुधा नाही, घास घशाखाली उतरू नये असा.

मी अकोल्याची, जुन्या शहरातल्या ख्रिस्ती घरातली. अमरावतीला बी.एस्सी. करते आणि हॉस्टेलवर राहते. माझी रूममेट वैष्णवी नांदगाव खंडेश्वरकडची, घरी फुलांची शेती. तिचा देवाशी सगळा कारभार उघड. चतुर्थी आली की मेसच्या काकूंना सकाळीच ओरडून सांगणार. पेपरला जाताना सगळ्या पोरांसमोर वही कपाळाला लावणार, आणि कोणी हसलं तर त्यालाच विचारणार, "तुले काय झालं दात काढाले?" माझा क्रूस मात्र कुडत्याच्या आत. पुनरुत्थानाच्या सणाआधीचा, म्हणजे ईस्टरआधीचा उपासकाळ आम्ही पाळतो, त्यात शुक्रवारी मी संध्याकाळपर्यंत काही खात नाही. पण वर्गात कोणाच्या वाढदिवसाचा केक फिरला, मोबाइल काढून सगळे रील करायला लागले, की मी म्हणायची, पोट बरं नाही. एकदा कोणीतरी म्हणालं होतं, "तुमच्यात कुठले आले उपास? तुमचं तर नुसतं केक आणि पार्टी!" सगळे हसले, मीही हसले. तेव्हापासून माझी भक्ती हॉस्टेलच्या न्हाणीघरात चालायची. नळ पूर्ण सोडायचा, कपडे बादलीत भिजवायचे आणि पाण्याच्या आवाजात बाबांचं गीत म्हणायचं. माझ्यानंतर वैष्णवीचा नंबर असायचा. ती दार बडवायची, "नळ काहून इतका सोडतं वो? टाकी खाली करतं काय?"

बाबांचं गीत म्हणजे बाबांनीच रचलेलं. ते शाळामास्तर होते, आणि भजनाच्या चालीवर त्यांचा फार जीव. पुनरुत्थानाच्या दिवशी आमची मंडळी पहाटेच अकोल्याच्या कबरस्तानात जमते. आदल्या दिवशी कबरी धुऊन चुना लावलेला असतो. सगळे हातात मेणबत्त्या घेऊन फाटकाबाहेर थांबतात. बाबा पहिलं कडवं उचलायचे, मंडळी ध्रुपद धरायची, आणि त्या गीतावर पाय टाकत सगळे आत शिरायचे. गीत सुरू झाल्याशिवाय कोणी आत जायचं नाही, हा आमच्याकडचा रिवाज. कडवी फक्त बाबांना आणि मला यायची. त्यातही माझी एक खोड होती. दुसऱ्या कडव्यात येशूच्या कबरीवरचा धोंडा सरकतो, आणि तिसऱ्यात कबरीपाशी रडणाऱ्या मरियेला जिवंत उठलेला प्रभू भेटतो, तिला तो बागेचा माळी वाटतो. मी दर वेळी ही दोन कडवी उलटी म्हणायची. बाबा हसून म्हणायचे, "अगं, धोंडा सरकायच्या आधीच तू भेट घडवून आणतेस!"

गेल्या पावसाळ्यात बाबा गेले. ते दवाखान्यात होते तोवर मी देवाकडे दुसरं काही मागितलंच नव्हतं.

नाताळात वैष्णवी आमच्याकडे आली. आईबरोबर करंज्या लाटल्या, उपासनेत पुढच्या बाकावर बसली आणि पहिल्याच ध्रुपदाला असा सूर लावला की बायका माना वळवून पाहायला लागल्या. पाळकसाहेब मला म्हणाले, "तुझ्या मैत्रिणीचा गळा म्हणजे देवाची देणगी आहे." इतकी वर्षं मी त्याच मंडळीत गात होते, माझ्या गळ्याची वास्तपुस्त कोणी केली नव्हती. घरी आईने करंज्यांचा डबा आधी तिच्यापुढे सरकवला. बाबा गेल्यापासून आई पहिल्यांदा हसत होती, तेही तिच्या बोलण्यावर. अमरावतीला परत निघायच्या आधी वैष्णवीने पुन्हा चर्चमध्ये जाऊन वेदीपुढे हात जोडून सहज काहीतरी मागून घेतलं. उपासकाळ लागायच्या सुमारास ती पेढे घेऊन खोलीत नाचत आली, "दादा पोलीस भरतीत लागला! तुह्या येशूनं आयकलं वो माय!"

मी पेढा हातात घेतला. मनात म्हटलं, प्रभू, हिचं ऐकलंस? ही पाहुणी म्हणून आली, गंमत म्हणून हात जोडले, आणि हिला भाऊ वर्दीत मिळाला. मी तुझ्या घरात जन्मले, आणि माझा बाप नेलास. त्या रात्री तो पेढा मी खिडकीतून फेकून दिला.

पुढच्या शुक्रवारी केक नाकारताना वैष्णवीने मला पकडलंच. उपास म्हटल्यावर तिला एकच ठाऊक. दुसऱ्या शुक्रवारी मेसमध्ये तिने जाहीर करून टाकलं, "हिचा उपास आहे, हिले पोळी वाढू नका," आणि काकूंकडून साबुदाण्याची उसळ करवून भर दुपारी माझ्यापुढे ठेवली. वर शेंगदाण्याचा कूट, बाजूला दही. मी फणकारले, "आमच्यात साबुदाणा नसतो. आमच्यात काहीच खात नाहीत." तिचं तोंड एवढंसं झालं. पण दर शुक्रवारी ती उसळ येतच राहिली आणि मी ती परतवतच राहिले. माझा देव तर हिने पळवलाच होता, आता माझा उपासही हिलाच चालवायचा होता.

सणाला आईने तिला परस्पर बोलावून घेतलं. शनिवारी मी कबरी धुतल्या, चुना कालवला. ऊन मी म्हणत होतं. बाबांच्या कबरीला चुना लावताना रडू आवरेना, आणि वर बर्फ घातलेला उसाचा रस ढोसला. संध्याकाळपर्यंत घसा पार बसला. आईने काढा दिला, मिठाच्या गुळण्या झाल्या. पहाटे उठून पाहते तर आवाजाच्या नावाने नुसती फुसफूस.

फाटकाशी मंडळी उभी होती. मेणबत्त्या पेटल्या. पाळकसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मी गळ्याला हात लावून मान हलवली. ते हळूच म्हणाले, "हरकत नाही बाळ, आपण पुस्तकातलं दुसरं घेऊ." बाबांना जाऊन वर्षही झालं नव्हतं, आणि त्यांचं गीत माझ्या हातून फाटकाबाहेरच संपत होतं. मी डोळे मिटले. मागायला काही उरलंच नव्हतं. एवढंच म्हटलं, प्रभू, माझ्याच्याने होत नाही, तुझं तू बघ.

तेवढ्यात मागून सूर लागला. पहिलं कडवं, बाबांच्या चालीत, अगदी त्यांच्या मुरकीसकट. मी वळून पाहिलं. वैष्णवी एका हातात मेणबत्ती, दुसऱ्या हातात गावाहून आणलेल्या मोगऱ्याची पिशवी घेऊन गात होती. खरं सांगते, पहिली उसळली ती मत्सराचीच कळ. हेही हिचंच? मग मंडळीने ध्रुपद उचललं, फाटक उघडलं, लोक चालू लागले. ती पुढच्या कडव्यावर आली, आणि मरियेला माळी भेटला. धोंडा अजून सरकला नव्हता. माझे पाय तिथेच थांबले. ती चूक साऱ्या जगात एकटी मीच करते.

उपासना झाल्यावर ती बाबांच्या कबरीवर मोगरा ठेवत होती. मी घोगऱ्या आवाजात विचारलं, "तुला कसं येतं हे?"

"तूच तं शिकवलं. रोज बायेर बादली घेऊन उभी राहो मी."

"इतक्या नळाच्या आवाजात?"

"नळ तर आयकू येच. पण तू त्याच्याहून जोरात मनतं."

मी खाली बसले आणि हसता हसता रडले. तिला सांगूनही टाकलं, मला तुझा हेवा वाटायचा. ती म्हणाली, "मले मालूम आहे. भांडे कोण आपटे खोलीत?"

यात चमत्कार होता की नव्हता, ते मला सांगता येणार नाही. बाबा परत आले नाहीत, आणि का नेले ते मला आजही कळलेलं नाही. पण ज्या महिन्यांत मी म्हणत होते की देव माझं ऐकत नाही, त्याच महिन्यांत त्याने माझं गीत शब्द न् शब्द ऐकवून, माझ्या चुकीसकट, न्हाणीघराबाहेर एका मैत्रिणीपाशी जपून ठेवलं होतं. मी घट्ट धरलेलं सगळं हातातून सुटलं, तेव्हा ते तिने पुढे केलं. माझा धोंडा अजून जागचा हललेला नाही. भेट मात्र झाली. बाबा असते तर म्हणाले असते, बघ, तुझीच चाल खरी निघाली.

हेवा अजूनही येतो, विशेषतः आई फोनवर आधी तिची चौकशी करते तेव्हा. आला की मी तो देवाला सांगून टाकते. पुढच्या उपासकाळात शुक्रवारी संध्याकाळी उपास सोडेन तो तिच्या उसळीवरच, असं तिला कबूल करून ठेवलंय. आवाज हळूहळू परत आला. आता कपडे धुताना मी नळ बारीकच सोडते.