सरिताताईंची निळी, झुंबरदादांची हिरवी

नौशाद तांबोळी नाशकात द्वारका चौकाजवळच्या एका दुकानात सत्तावीस वर्षं गाड्यांचे रंग जुळवून देतो. दुकानात आता मशीन आहे, प्रत्येक रंगाला कोड आहे, तरी गॅरेजवाले डबा नेण्याआधी म्हणतात, "नौशादभाईंना एकदा दाखवा." दहा वर्षं उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीचा रंग कुठल्याच कोडात सापडत नाही. मग नौशाद गाडीच्या दारापाशी उकिडवा बसतो, डोळे किलकिले करतो आणि डब्यात थेंबभर काळा, काडीच्या टोकावर मावेल एवढा पिवळा असं टाकत जातो. जमलं की नुसतं झाकण लावतो.

त्याची स्वतःची मोटार नाही. जुनी स्कूटर आहे. पण वडाळा रोडवरच्या घरात त्याच्या बायकोनं, शाझियानं, माहेराहून आणलेलं काचेचं कपाट आहे. त्यात पूर्वी कपबशा असत. आता तिथं एकतीस मोटारी उभ्या आहेत, वीतभर लांबीच्या, प्लास्टिकच्या. खोक्यात सगळे भाग चौकटीला लटकलेले येतात, झाडाला कैऱ्या लागाव्यात तसे. एकेक कापायचा, पॉलिश पेपरनं घासायचा, चिकटवायचा, फटीत पुट्टी भरायची, मग प्रायमर, मग रंग. एका गाडीला दोन-तीन महिने सहज जातात.

हे सगळं चालतं गच्चीवर, पाण्याच्या टाकीशेजारच्या पत्र्याच्या खोलीत. शुक्रवारी दुपारची नमाज झाली की तो वर जातो. रंग मारून झाला की तो सुकेपर्यंत हात लावायचा नसतो, आणि ते तासभर नौशाद नुसता बसून राहतो, समोरच्या मोटारीच्या इवल्याशा काचेतून आत बघत. बघता बघता काचेपलीकडं रस्ता सुरू होतो. एकदा असाच एक लाल गाडी सुकवत बसला आणि खाली आला तेव्हा जेवण निवून गेलं होतं.

"कहाँ थे?" शाझियानं विचारलं.

"सापुतारा के आगे तक गया था," तो म्हणाला, आणि चेहरा इतका खरा की तिनं मुकाट्यानं भाजी गरम केली.

अशा माणसाकडं गेल्या उन्हाळ्यात सरिता बागूल आल्या. टपाल खात्यातून निवृत्त झालेल्या, साठी ओलांडलेल्या, चष्मा डोक्यावर सरकवायची सवय असलेल्या. आल्या होत्या गाडीच्या बंपरचा ओरखडा झाकायला. काउंटरवर नौशादनं रंग बघण्यासाठी ठेवलेली एक छोटी मोटार त्यांना दिसली आणि त्या ओरखडा विसरल्या.

"हे तुम्ही करता?"

"फावल्या वेळात, ताई."

"मग मला एक करून द्याल? पण तिचा फोटो नाही. नंबर ठाऊक नाही. नुसती मला आठवते."

मग काउंटरला टेकून त्यांनी सांगितलं ते असं. त्यांचे वडील इगतपुरीच्या रेल्वे शेडमध्ये होते. सरिता सात वर्षांची. श्रावणातल्या एका सकाळी क्वार्टरपुढं एक मोटार येऊन थांबली, शेजारच्या साहेबांकडं कुणी पाहुणे आले होते. दार उघडं होतं. आतली गादी इतकी मऊ दिसत होती की सरिता हळूच आत शिरली, मागच्या गादीवर आडवी झाली आणि झोपली. पाहुण्यांना उतरवून ड्रायव्हर एकटाच परत निघाला होता; जाग आली तेव्हा मोटार नाशकात उभी होती आणि डोक्यावर ऊन होतं. ड्रायव्हरनं मागं बघितलं आणि त्याची बोबडीच वळली. संध्याकाळपर्यंत तिला परत घरी पोचवलं, एवढंच.

"एवढंच," सरिताताई म्हणाल्या, "पण पन्नास-साठ वर्षं झाली, मी आणि माझा मोठा भाऊ भांडतोय. मी म्हणते मोटार निळी होती. झुंबरदादा म्हणतो हिरवी. दिवाळी, लग्न, तेरावं, कुठंही भेटलो की हेच. आता त्याचा गुडघा गेलाय, इगतपुरीतच असतो, फिरत नाही. त्याला द्यायचीय. निळी करा."

नौशादला पहिल्यांदाच असं काम मिळालं होतं, ज्याच्यापुढं उकिडवं बसायला गाडीच नव्हती.

मोटारीचा आकार लवकर ठरला. सरिताताईंना गोल दिवे आणि पाठीमागचा उतार पक्का आठवत होता. मुंबईच्या एका मित्राकडून नौशादनं त्या जमान्यातल्या एका फियाटच्या जवळ जाणारं खोकं मागवलं, छत थोडं कापून पुट्टीनं नव्यानं वळवलं. राहिला रंग. त्यानं प्लास्टिकच्या चमच्यांच्या पाठी रंगवायला घेतल्या, प्रत्येकावर आकडा. निळ्यातून हिरव्याकडं जाणारे चाळीस चमचे. गच्चीच्या कठड्यावर ते ओळीनं सुकत ठेवले की वाऱ्यानं हलत, आणि नौशादला वाटे, एखादा मोठा मोरपिसारा कुणीतरी उलगडून ठेवलाय.

सरिताताई भर दुपारी गच्चीवर आल्या. तेविसावा चमचा पाहताच थबकल्या.

"हीच. अगदी हीच, नौशादभाई."

काम तिथंच संपायला हवं होतं. पण रात्री जेवतानाही नौशादच्या डोक्यात चमचेच होते. गॅरेजात रोज दोन माणसं एकाच दाराला वेगवेगळा रंग सांगत, आणि दोघंही खोटं बोलत नसत, हे त्याला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं सरिताताईंना फोन केला. "ताई, दादांनाही एकदा विचारू या."

"तो हिरवी म्हणेल."

"म्हणू द्या."

दोघं श्रावणात, आगगाडीनं इगतपुरीला गेले. घोटी मागं पडलं तशी ढगांनी खिडकी धरली. डोंगर दिसेनासे झाले, भातखाचरं तेवढी रुळापर्यंत आलेली. पुढं तीही पुसट झाली. स्टेशनवर उतरले तेव्हा दहा पावलांवरचा माणूस आधी आवाजानं कळायचा आणि मग दिसायचा. नौशाद पेढ्याच्या रिकाम्या डब्यात चमचे घेऊन चालला होता आणि त्याला वाटत होतं, आपण ज्या रस्त्यांवरून गच्चीत बसून फिरतो त्यातलाच हा एक आहे.

झुंबरदादा पडवीत खुर्चीवर बसले होते, गुडघ्यावर शाल.

"आली का निळी घेऊन?" त्यांनी बहिणीला विचारलं.

"तूच निवड, दादा."

डबा उघडला. दादांनी चमचे एकेक करून उजेडाकडं धरले. उजेड म्हणजे पांढरा ढगच. बराच वेळ लावला आणि चौतिसावा बाजूला काढला. चांगला हिरवा.

"बघ. मी तरी लय जवळून पाहिली. मागून, धावताना."

"धावताना?" सरिताताईंनी विचारलं.

दादांनी चौतिसावा चमचा मांडीवर ठेवला. "आईनं मला सांगितलं व्हतं, पोरीकडं लक्ष ठेव. मी गोट्या खेळत व्हतो. वळून पाहतो तर काचेतून तुझी रिबीन दिसली आणि गाडी सुटली. मी पळालो. फाटकापर्यंत पळालो, वरडत. गाडी हिरवी हिरवी म्हणता पुढं पांढऱ्यात गेली. मग काईच नाय."

सरिताताईंना हे ठाऊक नव्हतं. एवढ्या वर्षांत रंगाच्या भांडणात कुणी हे बोललंच नव्हतं. त्यांनी काहीतरी करायचं म्हणून डब्यातून आपला तेविसावा चमचा उचलला, अंगणाकडं धरला, आणि दचकल्या.

"नौशादभाई, चमचा बदललाय. हा तो नाही. हा तर राखाडी आहे."

नौशादनं चमचा उलटा करून दांड्यावरचा आकडा दाखवला. तेवीस.

मग नौशाद हळू बोलला, जणू रंग मिसळतोय. "ताई, तुम्ही मोटार नीट पाहिली ती जाग आल्यावर. नाशकातल्या उन्हात, निळ्या आभाळाखाली. दादांनी पाहिली ती इथल्या ढगात, चहूकडं ओलं हिरवं गवत. मोटार एकच होती. तुम्ही पाहिली तीही खरी, दादांनी पाहिली तीही."

"म्हंजी मग रंग कोणता?" दादांनी विचारलं.

"ते मला अजून माहीत नाही," नौशाद म्हणाला. "पण काढतो."

पुढचे पाच शुक्रवार त्यानं त्यातच घालवले. नवा चमचा उन्हात धरायचा, मग ढग दाटून आले की पुन्हा धरायचा, हिरव्या पानांच्या कुंडीमागं. निळा जास्त झाला की ढगात मरायचा, हिरवा जास्त झाला की उन्हात शेवाळ्यासारखा दिसायचा. शाझियाला त्यानं कुंडी धरून उभं केलं. ती हसून म्हणाली, "अब मुझे भी रंग दो." पाचव्या शुक्रवारी एक करडा, नाव नसलेला रंग हाती आला. उन्हात तो आभाळाकडं झुकायचा आणि ढगात भाताकडं. नौशादनं डब्याचं झाकण लावलं.

रंग मारला त्या दिवशी तो सुकेपर्यंत बसून राहिला तेव्हा काचेपलीकडचा रस्ता नेहमीसारखा मोकळा नव्हता. मागच्या गादीवर कुणीतरी झोपलं होतं आणि लांब मागं कुणीतरी ओरडत होतं. त्यानं मनातल्या मनात ब्रेक लावला. गाडी थांबली. पळणारा पोहोचला, धापा टाकत, आणि खिडकीला हात लावून उभा राहिला. मग चौकातून रिक्षांचे हॉर्न आले आणि नौशादचे डोळे उघडले.

मोटार घेऊन ते पुन्हा इगतपुरीला गेले. पाऊस उघडला होता, ढग मात्र खाली होते. दादांनी मोटार तळहातावर घेतली, इकडून तिकडून फिरवली. रंगाबद्दल चकार शब्द काढला नाही. बहिणीकडं पाहून म्हणाले,

"जाग आली तवा भ्याली व्हती का गं तू?"

"नाही रे दादा. ड्रायव्हरनं जिलबी घेऊन दिली. मला वाटलं सहल आहे. तू भ्याला होतास?"

"मला बापानं बडवलं. पण त्याचं काय नाय." दादांनी मोटार मांडीवर ठेवली. "संध्याकाळी तू उतरलीस तवा हाताला जिलबीचा पाक व्हता. मला तेवढंच आठवतं. म्या तुझा हात सोडलाच नाय झोपेपर्यंत."

"मला वाटायचं आईनं धरला होता," सरिताताई म्हणाल्या, आणि चष्मा डोक्यावर सरकवून शालीच्या घड्या सारख्या करू लागल्या.

नौशादला वाटलं, आता इथं तिसऱ्या माणसाचं काम नाही. चहा पिऊन येतो म्हणून तो बाहेर पडला. परतीच्या गाडीला वीस मिनिटं होती. स्टेशनकडं जायचं सोडून तो फाटकाच्या दिशेनं चालत राहिला. रस्ता ओला होता, कुंपणं, म्हशी, एक निळी की करडी की कसलीशी छत्री ढगातून निघून पुन्हा ढगात जात होती. गाडीची शिट्टी झाली, तो थांबला नाही. पुढची गाडी संध्याकाळी होती आणि शाझियाला काय सांगायचं ते त्याला ठाऊक होतं.