माझ्या गोळ्यांची बातमी

सातवीत असताना चोपड्याला, शाळेच्या प्रार्थनेत मला पहिली फिट आली. वडिलांनी जळगावच्या डॉक्टरांकडे नेलं आणि गोळ्या सुरू झाल्या. पुढे लग्नाच्या आधीच फिट थांबल्या, गोळ्या मात्र चालू राहिल्या. लग्न ठरवताना वडिलांनी मुलाकडच्यांपासून काही लपवलं नव्हतं. धुळ्याला आल्यावर हे माहीत असणारं घराबाहेरचं माणूस एकच होतं, आमच्या गल्लीच्या तोंडाशी मेडिकल चालवणारे नाना.

नाना नात्यातले नव्हते. साठी ओलांडलेला, चष्मा कपाळावर सरकवून बसणारा माणूस, आणि सगळी गल्ली त्यांना नाना म्हणायची. दुकानात गर्दी असली की ते मला बघून नुसती मान हलवायचे, आत जाऊन पाकीट बांधून आणायचे आणि "घ्या ताई" म्हणून हातात द्यायचे. गोळीचं नाव त्यांनी कधी तोंडातून काढलं नाही. मी बालवर्गाला शिकवते आणि माझ्या वर्गातल्या मुलांच्या आया त्याच दुकानात येतात, हे त्यांच्या ध्यानात होतं. मला कधी सांगावं लागलं नाही.

मग दुकानात कॉम्प्युटर आला. नानांना माल पुरवणाऱ्या एका कंपनीने बिलाचं सॉफ्टवेअर फुकट दिलं होतं, वर मालावर जादा सूट. नाना एका बोटाने टाइप करायचे. मोबाईल नंबर टाकल्याशिवाय बिल पुढे सरकत नाही म्हणाले, म्हणून मी दिला. नंबर दूधवाल्याकडे असतो, गॅसवाल्याकडे असतो, त्यात काय एवढं, असं तेव्हा वाटलं.

त्या दिवशी माझा फोन स्टाफरूममध्ये चार्जिंगला होता आणि मी वर्गात मुलांना रंगाचे खडू वाटत होते. फोन सारखा वाजतोय म्हणून पहिलीच्या बाईंनी उचलला. पलीकडे एक मुलगी होती. मीच बोलतेय असं समजून तिने सांगितलं की मॅडम, तुमच्या फिटच्या गोळ्या संपत आल्या असतील, आमच्याकडून मागवा, स्वस्त पडतील आणि घरपोच येतील. पहिलीच्या बाईंनी फोन ठेवला आणि त्या सरळ मोठ्या बाईंच्या खोलीत गेल्या. माझा वर्ग वाटेतच होता, पण त्या माझ्याकडे वळल्या नाहीत. ते मी त्यांना माफ केलेलं नाही.

मोठ्या बाईंनी मला बोलावून दार लावून घेतलं. तुम्ही हे लपवलंत, एवढंच त्यांनी तीन-चार वेगवेगळ्या तऱ्हांनी म्हटलं. मी सांगितलं की लग्नानंतर मला एकदाही फिट आलेली नाही, डॉक्टरांचं सर्टिफिकेट आणून देते.

"सर्टिफिकेट मला पटेल हो," त्या म्हणाल्या. "पालकांना कोण पटवणार?"

पालकांना तोपर्यंत काहीच ठाऊक नव्हतं. पुढच्या सोमवारी बालवर्ग दुसऱ्या बाईंकडे गेला, मला ऑफिसात टेबल मिळालं, आणि मग सगळ्यांना ठाऊक झालं. मुलं खिडकीतून हात हलवायची तेव्हा त्यांना ओढून वर्गात नेलं जायचं. आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "आते बठ्ठा गावले माहीत पडनं." आता सगळ्या गावाला कळलं. मी लहान असताना, प्रार्थनेत नुसती चक्कर आली असं सांगून, आईने हे किती सांभाळलं होतं. तरी फोन ठेवल्यावर मला तिच्या शब्दांपेक्षा त्या अनोळखी मुलीचा गोड आवाज, मी न ऐकलेला, छळत राहिला.

मी नानांच्या दुकानात गेले ती भांडायलाच. गिऱ्हाइकं उभी होती, तरी थांबले नाही. नंबर फक्त तुम्हाला दिला होता, गोळी फक्त तुम्हाला माहीत होती, मग तिसऱ्याला कळलं कसं, असं विचारलं. नानांना आधी काही समजेना. समजलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला.

"ताई, मी माझ्या घरातसुद्धा तुमच्या गोळीचं नाव कधी घेतलं नाही."

"मग विकलं कोणी?"

ते कॉम्प्युटरकडे बघू लागले. आजूबाजूची माणसं ऐकत होती आणि ज्यांना अजून कळलं नव्हतं त्यांना माझ्याच तोंडून कळत होतं, हे माझ्या लक्षात आलं. तरी मी आवाज खाली केला नाही.

नानांनी दोनच दिवसांत सॉफ्टवेअर देणाऱ्या कंपनीच्या माणसाला बोलावून घेतलं आणि मलाही निरोप पाठवला. इस्त्रीचा शर्ट, पाठीवर बॅग, तिशीतला असेल. त्याला अशा तक्रारींची सवय दिसली. तो म्हणाला, गिऱ्हाइकांची माहिती वापरायला नानांनी मान्यता दिलेली आहे, सॉफ्टवेअर चालू करताना बटण दाबलं होतं. नाना म्हणाले, सगळं इंग्रजीत होतं, आणि माझ्या खुर्चीत बसून ते बटण तूच दाबलंस. त्यावर तो हसला.

"आणि मी?" मी म्हटलं. "मला कोणी विचारलं?"

"तुम्ही नंबर दिलात ना ताई."

"बिलासाठी दिला."

"तेच ते. फायदा तुमचाच आहे. गोळ्यांची आठवण राहते."

नानांनी त्याला माझं नाव काढून टाकायला सांगितलं. इथल्या कॉम्प्युटरवरून निघेल, तो म्हणाला, वरून निघत नाही. वर म्हणजे कुठे, ते त्यालाही नीट सांगता आलं नाही. हात उचलावासा वाटला मला. आयुष्यात पहिल्यांदा असं वाटलं. घरी आल्यावर नवऱ्याने पोलिसांत तक्रार करू म्हटलं. पण अर्जात पुन्हा तेच लिहावं लागणार, नाव, नंबर, आजार, आणि तो कागद पुन्हा किती हातांतून फिरणार. मी नको म्हटलं.

उन्हाळ्यात आग्रा रोडला त्या कंपनीने स्वतःचं दुकान उघडलं. काचेची दारं, आत एसी. आमच्या गल्लीत कोणाला शुगरची गोळी लागते, कोणाला बीपीची, कोणाची कधी संपते, हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. नानांनीच एका बोटाने टाइप करून ते सगळं त्यांना दिलं होतं. गोळी संपायच्या आधी मेसेज यायचा, त्यात नानांपेक्षा कमी भाव लिहिलेला असायचा. शेजारची म्हणाली, गोळी तीच आहे ना, मग स्वस्त का नको. तिचं चुकलं असं म्हणता येत नाही. पण तिच्याशी मी कित्येक दिवस बोलले नाही. जिला काही झाकायचं नसतं तिला हे सोपं असतं.

नानांचं दुकान वर्षभर कसंबसं चाललं. शेवटी शेवटी ते रिकाम्या काउंटरवर हात ठेवून बसलेले दिसायचे. एकदा मी समोरून जाताना त्यांनी हाक मारली आणि एवढंच म्हणाले, "बठ्ठं लई ग्यात, ताई." सगळं घेऊन गेले. मी थांबले, पण बसले नाही. चूक त्यांची नव्हती हे मला कळतं. तरी त्यांना बघितलं की मोठ्या बाईंची ती बंद खोलीच आठवते आणि गोड बोलणं जमत नाही. आता तिथे मोबाईलच्या कव्हरांचं दुकान आहे. नानांचं शटर पडल्यावर आग्रा रोडची सूटही हळूहळू उतरली. शेजारीण आता त्याबद्दल कुरकुर करते. मी ऐकून घेते.

गोळ्या मी जळगावहून आणते, रोख देऊन. नंबर विचारला की फोन नाही म्हणते, फोन हातात असला तरी.

या जूनमध्ये शाळेने पालकांसाठी ॲप घेतलं. मुलांची माहिती भरायचं काम ऑफिसातलं म्हणून माझ्याकडे आलं. जन्मतारीख, पत्ता, पालकांचा नंबर, आणि खाली एक रकाना, आजार. बालवर्गातल्या एका मुलाची आई माझ्या टेबलाशी आली, इकडेतिकडे बघितलं आणि हळूच म्हणाली की त्याला फिट येतात, हे तिथे लिहायचं का. मी तिला वर्गाच्या बाईंकडे घेऊन गेले. काय झालं तर काय करायचं ते त्यांना तोंडी नीट समजावून दिलं. ॲपमध्ये मी कोणत्याच मुलाचा तो रकाना भरला नाही.

मोठ्या बाईंनी विचारलं तेव्हा मी सरळ सांगितलं, हे मी भरणार नाही. त्या म्हणाल्या, तुमच्या एकटीच्या रागापायी शाळेचं काम अडवू नका. आणि ते काम त्यांनी पहिलीच्या बाईंना दिलं.

त्याच दुपारी पहिलीच्या बाई समोरच्या टेबलावर बसून एकेका घरी फोन लावू लागल्या. "मुलाला काही आजार आहे का, मोकळेपणाने सांगा हं," असं त्या प्रत्येकाला म्हणत होत्या. मी उठून व्हरांड्यात गेले, त्या मुलाच्या आईला फोन लावला आणि सांगितलं, आता शाळेतून फोन येईल, विचारलं तर नाही म्हणा.